हॅम शिजवितांना रस कसा राखावा

डुकराच्या मागील मांडीस मीठ मुरवून टिकविलेल्या मांसास इंग्रजींत हॅम म्हणतात. हा पदार्थ मूळचा आपल्याकडील नव्हे. तो युरोपांतून आला. परंतु आमच्या वसई तालुक्यांतील ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या कांहीं घरीं नाताळांत तो आवडीनें करितात. मांसाहार न करणाऱ्या वाचकांची क्षमा मागून त्याविषयीं चार शब्द लिहितों. जनावर पाळणाऱ्याचे कित्येक महिन्यांचे कष्ट व घेणाऱ्याचा पैसा शेवटच्या तासाभरांत कसा वायां जातो, हें मीं स्वतः पाहिलें आहे. आणि त्यांत अपराध माझाच होता.

तीन वर्षांपूर्वीं नाताळास थोरल्या मुलानें मुंबईहून चार किलोंचा हॅम आणिला. सूनबाईनें तो निगुतीनें ओव्हनमध्यें ठेवून बाहेर काढिला. पहिला काप पडतांच आंतील मांस गुलाबी दिसलें. मी म्हणालों, “हें कच्चें आहे. पाहुण्यांच्या पोटास बाधेल. आणखी दीड तास राहूं दे.” ती हळूच म्हणाली, “बाबा, हा शिजविलेलाच मिळतो. आपण फक्त ऊन करावयाचा.” वयाच्या अधिकारानें मीं तें मनावर घेतलें नाहीं. दीड तासानें जें ताटांत आलें तें मांस कीं लांकूड, असा प्रश्न पडावा. पाहुणे घासागणिक पाणी मागूं लागले, आणि बोल लागला तो सुनेस. ती एक शब्दही बोलली नाहीं. मीही त्या वेळीं गप्पच राहिलों.

पुढें चौकशी करितां कळलें कीं, हॅम मुरवितांना मिठाबरोबर नायट्राइट नांवाचा क्षार घालितात. मांसांतील तांबड्या द्रव्याशीं त्याचा संयोग होऊन जो गुलाबी रंग येतो, तो उष्णतेनें जात नाहीं. सबब हॅम पूर्ण शिजला तरी गुलाबीच राहतो. रंगावरून त्याची परीक्षा करणें व्यर्थ होय.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. बांधावर उभें राहून नुसत्या नजरेनें ठरविलेली आणेवारी किती फसवी असते, हें आम्हां कारकुनांस व शेतकऱ्यांसही ठाऊक आहे. म्हणूनच ठराविक जागेंतील पीक कापून, मळून, तोलून पाहावें लागतें. तोच न्याय येथें लागूं आहे. नजर नको, माप हवें. हें माप म्हणजे मांसांत खुपसावयाचा थर्मामीटर. त्याचें टोंक मांसाच्या सर्वांत जाड भागांत, मध्यापर्यंत जावें. हाडास टेकूं नये, नाहीं तर आंकडा चुकीचा येतो.

आतां मांस कोरडें कां पडतें तें पाहूं. ताज्या मांसांत वजनाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणी असतें. मिठामुळें मांसाचे तंतू तें पाणी बरेंच धरून ठेवितात. परंतु उष्णता वाढत गेली कीं तंतू आकसतात, आणि ओला पंचा पिळावा तसा रस बाहेर पडतो. एकदां पिळला गेलेला रस वरून कितीही पाणी ओतलें तरी पूर्ववत् आंत शिरत नाहीं. म्हणून आंच मंद ठेवणें आणि वेळेवर थांबणें, हींच दोन मुख्य कामें होत.

हॅम आणतांना तो शिजविलेला कीं कच्चा, हें वेष्टनावर प्रथम वाचावें. कारखान्यांतून शिजवून बंद वेष्टनांत आलेला असेल, तर कापलेली बाजू खालीं करून खोल भांड्यांत ठेवावा. तळाशीं पेलाभर पाणी घालावें, वरून ॲल्युमिनियमचा कागद घट्ट लावावा आणि ओव्हन 160 अंश सेंटिग्रेडवर ठेवावा. दर किलोस 35 ते 45 मिनिटें हा केवळ अंदाज. आंतील उष्णता 60 अंश झाली कीं काम झालें.

कच्चा, मीठ मुरविलेला हॅम असेल तर तो खारटपणाच्या मानानें थंड पाण्यांत रात्रभर भिजवावा व तें पाणी टाकून द्यावें. नंतर नव्या थंड पाण्यांत कांदा, मिरीं व तमालपत्र घालून कातडीसकट चुलीवर चढवावा. पाणी खळखळूं देऊं नये. पृष्ठभाग नुसता थरथरत राहावा. दर किलोस सुमारें 45 मिनिटें लागतात. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें कच्च्या हॅमसाठीं आंतील उष्णता किमान 63 अंश व त्यानंतर निदान तीन मिनिटें विश्रांति, असें प्रमाण घालून दिलें आहे.

शिजल्यावर कातडी काढून चरबीवर सुरीनें आडव्या-उभ्या रेघा पाडाव्या. मोहरीची पूड व गूळ थोड्या पाण्यांत कालवून लावावा, चौकटींत एकेक लवंग खोंचावी, आणि तापलेल्या ओव्हनमध्यें पंधरा-वीस मिनिटें रंग येऊं द्यावा. गूळ आधीं लावल्यास करपतो. बाहेर काढतांच कापूं नये; वीस मिनिटें झांकून ठेवावा, म्हणजे रस ताटांत न सांडतां मांसांतच राहतो. काप तंतूंच्या आडवे व पातळ काढावे. उरलेलें मांस दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवून तीन-चार दिवसांत संपवावें. हाड टाकूं नये. वाटाण्याच्या सुपास त्यानें उत्तम चव येते.

एक इशारा देणें अवश्य आहे. वरील गुलाबी रंगाची गोष्ट मुरविलेल्या मांसाची आहे. गांवांत कापलेल्या ताज्या डुकराचें मांस याहून अधिक, आंत 70 अंशांच्या वर जाईतों, शिजवावें. उघड्यावर विष्ठा खाणाऱ्या डुकरांच्या मांसांत फीतकृमीच्या अळ्या असूं शकतात. तें अर्धकच्चें खाल्ल्यास माणसाच्या आंतड्यांत कृमि वाढतो, आणि त्याचीं अंडीं अन्नपाण्यांतून पोटांत गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोंचून फेंपरें येऊं शकतें. डुकरें बंदिस्त पाळून स्वच्छ खाद्य घालणें हाच त्यावर पाळणाऱ्याच्या हातचा उपाय होय.

गेल्या नाताळास सूनबाईनें थर्मामीटर माझ्याच हातीं दिला. कांटा 60 वर येतांच मीं ओव्हन बंद केला. काप गुलाबी व रसाळ निघाले. तेव्हां त्याच पाहुण्यांसमोर, मागल्या खेपेची चूक सुनेची नसून माझी होती, हें मीं सांगून टाकिलें. हें आधींच सांगावयास हवें होतें. सभासद बंधुभगिनींनीं माझ्या चुकीवरून बोध घ्यावा, इतकीच विनंति आहे.