चालती गाडी पेट का घेते?

उन्हाळा लागला, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी ठरलेली असते. 'चालत्या मोटारीने पेट घेतला, सुदैवाने जीवितहानी नाही.' शेवटच्या ओळीत आगीचे कारणही ठरलेले, 'शॉर्टसर्किट झाल्याचा अंदाज'. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. दौंडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करण्यात माझी तीसेक वर्षे गेली. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यात आणि तिकडे शिरूर-न्हावरे रस्त्यावर जळालेल्या काही गाड्या टोचन करून आमच्याकडे आल्या. त्या उघडून पाहिल्यावर 'शॉर्टसर्किट' या एका शब्दामागे काय काय दडलेले असते, ते कळते. आज त्याविषयी थोडे बोलतो.

आगीला तीन गोष्टी लागतात. जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता किंवा ठिणगी. मोटारीच्या बॉनेटखाली या तिन्ही गोष्टी हातभर अंतरात नांदत असतात. पेट्रोल किंवा डिझेल आहे, ऑइल आहे, रबर-प्लॅस्टिक आहे, शेकडो अंशांपर्यंत तापणारा सायलेन्सरचा पाइप आहे आणि बॅटरीही आहे. तरीही लाखो गाड्या सुखरूप धावतात, कारण गाडी बनवणाऱ्याने या तिघांच्या मध्ये भिंती उभ्या केलेल्या असतात. होज पाइप ही एक भिंत, वायरवरचे आवरण ही दुसरी, फ्यूज ही तिसरी. यातली एखादी भिंत पडली, की आग लागते. ती कोण पाडतो? कधी गाडीचे वय, कधी ऊन, कधी उंदीर आणि पुष्कळदा आपण स्वतः. आग मालकाला अचानक लागल्यासारखी वाटते. गाडीत मात्र तिची तयारी बहुधा कित्येक दिवस चाललेली असते.

वायरिंगपासून सुरुवात करू. नवी गाडी घेतली, की आपल्याला उजेड कमी वाटतो. रात्री कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना पुढे उभ्या ठाकतात, त्यामुळे मोठा दिवा हवासा वाटणे साहजिक आहे. मग मूळच्या ६० वॅटच्या बल्बच्या जागी १०० वॅटचा बल्ब येतो. आता हिशेब पाहा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज ओढतो, १०० वॅटचा सुमारे ८.३ अँपिअर. वायर तीच राहते. वायरमधली उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती दीडपट नाही, तर जवळजवळ पावणेतीन पट होते. दहा मिनिटांच्या प्रवासात काही जाणवत नाही. दौंडहून सोलापूरला रात्रभर निघालात, की होल्डर मऊ पडतो, आवरण वितळते आणि उघडी तार पत्र्याला टेकते.

इथे फ्यूजने आपले काम करायला हवे. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. वायर जळण्याआधी त्याने जळावे, हीच त्याची नोकरी. पण फ्यूज दोनदा उडाला, की आपण त्यालाच दोषी ठरवतो. १० अँपिअरच्या जागी ३० चा घालतो, नाहीतर तारेचा तुकडा टाकून 'डायरेक्ट' करतो. राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसे हे झाले. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर तो बदलू नका, तो का उडतो ते शोधा. जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, मागचा कॅमेरा काहीही बसवा, पण योग्य जाडीची वायर, स्वतंत्र फ्यूज आणि गरज असेल तिथे रिले घालूनच बसवा. मूळ वायर सोलून तिला पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड करू देऊ नका. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. बॅटरीच्या टर्मिनलचेही तेच. ते हाताने हलता कामा नये.

दुसरे कारण आपल्या भागात फार आहे, ते म्हणजे उंदीर. चहूकडे ऊस, ज्वारी, धान्याची कोठारे. रात्री गाडी लावली, की गरम इंजिन ही त्याला आयती ऊबदार जागा मिळते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. वायरचे आवरण तो खातोच, शिवाय पाचट, कापूस, चिंध्या आणून इंजिनावर घरटे करतो. म्हणजे उघडी तारही तयार आणि शेजारी सरपणही तयार. आठ-दहा दिवस उभ्या असलेल्या गाडीला किल्ली लावण्याआधी बॉनेट उघडून नजर टाका. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावू नका. गाडीत शेंगदाणे, बिस्किटे ठेवू नका.

तसेच पाचटाचे. रानात गाडी नेली, की वाळलेले गवत आणि पाचट खाली सायलेन्सरला अडकते. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा जो डबा असतो, तो इतका तापतो की खालचे वाळले गवत पेटू शकते. लांबून आल्याबरोबर गाडी गवतात उभी करू नका. पाचट पेटवलेल्या रानाच्या कडेला तर मुळीच नको.

आता इंधन. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेट घेऊ शकते. तिला एक ठिणगी पुरते. डिझेल तेवढे चटकन पेटत नाही, म्हणून डिझेलवाले निर्धास्त असतात. पण हल्लीच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो. पाइपला बारीक चीर पडली, तरी डिझेल फवाऱ्यासारखे उडते आणि तापलेल्या टर्बोवर पडले, की संपलेच. तेव्हा गाडीत इंधनाचा वास आला, तर 'सर्व्हिसिंगला दाखवू' म्हणून पुढे ढकलू नका. गाडी तिथेच बंद करा.

सीएनजीबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती आहे आणि उगाच बेफिकिरीही आहे. हा वायू हवेपेक्षा हलका, त्यामुळे मोकळ्यावर वर निघून जातो. मात्र बंद डिकीत तो साठून राहतो. टाकीत त्याचा दाब सुमारे २०० बार असतो. म्हणून किट मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवावे, आरसी बुकात आणि विम्यात त्याची नोंद करावी आणि टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी. भरताना सगळ्यांनी खाली उतरावे. घरगुती गॅसची टाकी गाडीत रिकामी करण्याचा उद्योग मात्र बेकायदा आहे आणि जिवावरचा आहे. तो वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

विजेवरच्या गाड्या आल्या, तशी त्यांच्या आगीचीही चर्चा सुरू झाली. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव इथे रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. त्या उन्हाळ्यात आणखीही अशा घटना घडल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत कडक केले. या बॅटरीत एक घर तापले, की ते शेजारच्या घराला तापवते आणि ही साखळी थांबता थांबत नाही. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून कंपनीचाच चार्जर वापरा, जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दरवाज्यात चार्जिंगला लावू नका आणि आपटलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी दाखवल्याशिवाय चार्ज करू नका.

गाडीच्या आत काय ठेवतो, हेही पाहा. उन्हात बंद गाडीच्या आत तापमान साठ अंशांच्या घरात जाते. अत्तराचे फवारे, सॅनिटायझर, लायटर, बाटलीतले पेट्रोल यांची जागा गाडी ही नव्हे. ५० अंशांहून जास्त तापमानात ठेवू नये, ही सूचना फवाऱ्याच्या डब्यावरच छापलेली असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी पेटली तर काय करायचे? गाडीचे नुकसान भरून निघते. विमा सर्वंकष असेल, तर आगीची भरपाई मिळू शकते. केवळ थर्ड पार्टी असेल, तर आपल्या गाडीचे काही मिळत नाही, पण गाडी पुन्हा घेता येते. माणसे जातात ती बहुधा दार न उघडल्याने.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ जण गेले. बस दाराच्याच अंगावर पडली होती. जे वाचले, ते काच फोडून बाहेर आले. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली. सुरुवातीला शॉर्टसर्किट वाटले होते, नंतर ती मुद्दाम लावल्याचे पोलिसांनी सांगितले. कारण काहीही असो, मागच्या बाजूचे ४ जण मागचे दार वेळेत न उघडल्यामुळे गेले. पुढच्या बाजूचे बाहेर पडले. एकाच गाडीत, एकाच आगीत दाराने एवढा फरक केला.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. जळका वास किंवा धूर आला, की गाडी डावीकडे घेऊन थांबवा आणि हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करण्याआधी सगळी दारे अनलॉक करा आणि काचा खाली घ्या, कारण वीज गेली की काचा हलत नाहीत आणि सेंट्रल लॉकही दगा देऊ शकते. मग किल्ली बंद करा आणि बाहेर पडा. मागे लहान मुले असतील, तर चाइल्ड लॉकमुळे त्यांना आतून दार उघडता येत नाही, ते तुम्हालाच बाहेरून उघडायचे आहे. रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरा आणि वाऱ्याची दिशा पाहून किमान शंभर फूट लांब जा.

दार अडकले, तर बाजूची काच फोडा. पुढच्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्या दोन थरांत पातळ पापुद्रा असल्याने ती तडकते, पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या मध्यावर न मारता कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. यासाठी छोटी हातोडी मिळते, तिच्यातच सीटबेल्ट कापायचे पातेही असते. ती चालकाच्या हाताशी असावी, डिकीत नव्हे.

बॉनेटमधून धूर येत असेल, तर ते सताड उघडू नका. हवा मिळताच भडका उडतो आणि तो थेट तोंडावर येतो. जवळ पावडरचा अग्निशामक असेल आणि आग अगदी लहान असेल, तर फटीतून मारा. पिन काढा, नळी ज्वालेच्या बुडाकडे रोखा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. एक किलोचे नळकांडे आठ-दहा सेकंदांत संपते. तेवढ्यात विझली नाही, तर मागे फिरा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला, तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी, दुसरे काही लावायचे नाही.

बाहेर पडलेल्या माणसाने पुन्हा गाडीत हात घालू नये. पाटसच्या पुढे लग्नाला निघालेल्या एका कुटुंबाची गाडी काही वर्षांपूर्वी पेटली. सगळे वेळेत उतरले होते. घरातला कर्ता माणूस दागिन्यांच्या पिशवीसाठी परत वळला. पिशवी मिळाली, पण दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. तो शेतकरी माणूस होता. पुढचा हंगाम त्याची बायको आणि भाऊ राबले. गाडीचा सांगाडा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या भावाने विचारलेले अजून आठवते, "थांबला असता तर किती गेलं असतं?" त्या दागिन्यांची किंमत हातांपेक्षा नक्कीच कमी होती.

मदतीसाठी ११२ किंवा १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर किलोमीटरचा दगड, जवळचे गाव आणि कोणत्या बाजूला आहात, ते सांगा. पुण्याच्या दिशेने की सोलापूरच्या, एवढे सांगितले तरी बंबाचा वेळ वाचतो. तालुक्याच्या अंतरावरून बंब येईपर्यंत गाडी बहुधा उरत नाही. बंबासाठी थांबायचे ते लांब उभे राहून, बाकीच्या वाहनांना सावध करत.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या रविवारी सकाळी गाडी धुताना बॉनेट उघडा. वायर सोललेली आहे का, होज पाइपला चिरा आहेत का, कुठे ऑइल किंवा इंधन ओघळले आहे का, पाचट अडकले आहे का, एवढेच पाहा. कंपनीकडून गाडी परत बोलावल्याचे पत्र किंवा संदेश आला असेल, तर तो टाकून देऊ नका, ते काम फुकट होते. आणि घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा, दाराचे लॉक कसे उघडते ते एकदा त्यांच्या हाताने करायला लावा. पाच मिनिटांचे काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)