घरचे पक्षी (लेखांक ४) : अठरा दिवस आणि त्यानंतरचे

गेल्या वेळी आपण बजरीगरची जोडी कशी निवडायची ते पाहिलं. दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळतो, तोच हा ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. आता जोडी रुळली आहे, नर मादीला चोचीतून भरवू लागला आहे, आणि घरातली मुलं रोज विचारत आहेत की अंडी कधी घालणार. ती वाट पाहण्याआधी दिनदर्शिका बघा. कारंज्यासारख्या गावात पहिल्या विणीचं यश पक्ष्यापेक्षा महिन्यावर जास्त अवलंबून असतं.

पक्ष्याचं अंडं साधारण ३७.५ अंश सेल्सियसला वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. म्हणजे अंड्याला ऊब देण्याचा प्रश्नच उरत नाही. ते तापण्यापासून वाचवायचं असतं आणि ते मादीच्या हातात नसतं. अंड्यातला जीव थोडी थंडी सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. त्यात आपला उन्हाळा कोरडा. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातलं पाणी गरजेपेक्षा जास्त उडतं, आतली पातळ त्वचा चिवट होते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू ती फोडता फोडता दमून मरतं. म्हणून माझा आग्रह आहे : पोळा झाल्यावर घरट्यासाठी मडकं टांगावं आणि दत्तजयंतीनंतर नवी जोडी विणीला लावू नये. मडकं टांगल्यापासून पिल्लं मडक्याबाहेर येईपर्यंत साधारण अकरा आठवडे जातात. या हिशेबाने शेवटचं पिल्लू होळीच्या सुमारास, ऊन चढण्याआधी उडायला लागतं.

मडकं मातीचंच घ्या. मूळ देशात हे पक्षी पाऊस पडून गवताला दाणा धरला की निलगिरीच्या ढोलीत अंडी घालतात, घरटं विणत नाहीत. मडक्याच्या गोल बुडाशी अंडी एकत्र राहतात. तळाशी लाकडाचा भुसा मात्र हवाच, नाहीतर गुळगुळीत बुडावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. शक्य असेल तर दोन-तीन जोड्या एकमेकींचा आवाज ऐकू येईल अशा ठेवा, पण पहिल्यांदा प्रत्येक जोडीला वेगळा पिंजरा द्या. एकटी जोडी पुष्कळदा विणीला येतच नाही. मादी किमान वर्षाची असावी. पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगलेला असावा. कॅल्शियम कमी पडलं की अंडं आत अडकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसली आणि शेपूट हलवत कुंथू लागली, तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. तिला उबेत ठेवा आणि पशुवैद्यकाकडे न्या.

अंडी चार ते सहा, तीही एक दिवसाआड. इथे नवी माणसं फसतात. प्रत्येक अंड्याला साधारण अठरा दिवस लागतात आणि मादी बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते. त्यामुळे पहिलं पिल्लू बाहेर आल्यावरही शेवटच्या अंड्याचा आठवडाभर किंवा जास्त वेळ बाकी असतो. उरलेली अंडी ‘खराब’ समजून फेकू नका. मादी खायला बाहेर आली की, बसल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला आहे. अंडं आरपार पिवळसर दिसलं तरी लगेच काढू नका, आणखी चार दिवसांनी पुन्हा बघा.

आता यंत्राचं. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून एकविसाव्या दिवशी पिल्लं निघताना आपण पाहिलेली असतात. त्यामुळे इनक्युबेटर आणला की काम झालं असं वाटतं. कोंबडीचं पिल्लू डोळे उघडे, अंगावर लव घेऊन येतं आणि पहिल्याच दिवशी दाणा टिपतं. बजरीगरचं पिल्लू आंधळं, उघडं, मान उचलायची ताकद नसलेलं असतं. पहिले काही दिवस आई पोटातून येणारा दुधासारखा स्राव त्याच्या चोचीत सोडते, तोही दर थोड्या वेळाने, रात्रीसुद्धा. नर तिला भरवतो म्हणून ती हे करू शकते. नराला बाजूला काढू नका. यंत्र अठरा दिवस सांभाळेल, पण त्यानंतरच्या पहिल्या आठवड्याला यंत्राकडे उत्तर नाही. त्यात लाईन गेली की तेही थंड. आई मेली किंवा बसायची सोडली, तर त्याच वेळी अंडी घातलेल्या दुसऱ्या जोडीच्या मडक्यात अंडी सरकवणं हाच चांगला उपाय आहे. दोन-तीन जोड्या ठेवा म्हणालो त्याचं हेही कारण.

यंत्राचं खरं काम वेगळीकडे आहे. पाळीव जपानी लावा पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी निवडला गेल्याने बसायचंच विसरला आहे. राजस्थानात सम येथे २०१९ पासून रानातून उचललेली माळढोकाची अंडीही यंत्रातच उबवली गेली, कारण त्या पक्ष्यांची संख्या फार थोडी उरली आहे. मात्र ते वनखात्याचं आणि शास्त्रज्ञांचं काम. आपल्या सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या गवतात जमिनीवर अंडी दिसली तर हात लावू नका. राघू, मुनिया यांसारखे आपले रानपक्षी पाळणं आणि त्यांची अंडी उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

बजरीगरची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण पस्तिसाव्या दिवशी मडक्याबाहेर येतात. त्यानंतरही आठवडाभर बाप भरवतो, तोवर वेगळी करू नका. दुसरी वीण आटोपली की मडकं काढून ठेवा. ते टांगलेलं राहिलं तर मादी तिसऱ्यांदा अंडी घालते आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून देते. पुढच्या आठवड्यात : बाजरी, राळे आणि पिल्लांचा पहिला दाणा.