शजऱ्यात नसलेली नावे

आपल्याकडे बऱ्याच घराण्यांत शजरा जपलेला असतो. कुठे जुन्या वहीत, कुठे भिंतीवरच्या फ्रेममध्ये, तर कुठे एखाद्या वडीलधाऱ्या चाचांना तोंडपाठ. सात-आठ पिढ्यांची नावे त्यात सापडतात. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, भावांचे मुलगे, त्यांचे मुलगे. पण ज्यांनी या सगळ्यांना जन्म दिला, वाढवले, पहिला कलमा शिकवला, त्यांची नावे बहुतेक शजऱ्यांत नसतात. असलीच तर ‘अमक्याची मुलगी’ किंवा ‘तमक्यांच्या घरातली’ एवढीच. कोणी मुद्दाम वाईट हेतूने असे लिहिलेले नसते. लिहिणाऱ्याला तशीच सवय असते.

या सवयीलाच स्त्रीवादी अभ्यासक पुरुषसत्ता म्हणतात. ‘स्त्रीवाद’ हा शब्द ऐकला की आपल्या अनेक घरांत कपाळाला आठी पडते. हे बाहेरून आलेले काहीतरी आहे, दीनच्या विरुद्ध आहे, असे वाटते. स्त्रीवादाच्या नावाखाली जे जे म्हटले जाते ते सगळे आम्हालाही पटत नाही. पण या अभ्यासातले दोन प्रश्न आम्हाला फार मोलाचे वाटतात. काम कोणी केले? आणि नाव कोणाचे लागले? हे प्रश्न विचारायला आपल्याला परके व्हावे लागत नाही. आपल्याच इतिहासाची पाने उलटली तरी पुरे आहे.

सनदीत बायकांची नावे होती

हदीसशास्त्राचा सगळा डोलारा नावांवर उभा आहे. कोणी कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, ही साखळी म्हणजे सनद. साखळीतले एक नाव गाळले तरी हदीस कमजोर ठरते. म्हणूनच या शास्त्राने बायकांची नावे गाळली नाहीत. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसची संख्या २२१० सांगितली जाते. सर्वाधिक हदीस सांगणाऱ्या मोजक्या सहाबांमध्ये त्यांची गणना होते.

त्यांनी फक्त ऐकलेले पुढे सांगितले असे नाही. चूक दिसली तिथे टोकलेही. नमाज पढणाऱ्याच्या समोरून स्त्री, कुत्रा किंवा गाढव गेले तर नमाज तुटते, असे काही जण सांगत असत. हे ऐकून हजरत आयशा (रजि.) नाराज झाल्या. आम्हा बायकांना तुम्ही कुत्र्या-गाढवांच्या रांगेत बसवले, अशा अर्थाचे त्या बोलल्या. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) नमाज पढत असत तेव्हा आपण त्यांच्या समोर पहुडलेल्या असायचो, हे त्यांनी पुरावा म्हणून सांगितले. ही हकिगत सहीह बुखारीत आहे. त्यांनी इतर सहाबांच्या सांगण्यात केलेल्या अशा दुरुस्त्या चौदाव्या शतकातले आलिम जरकशी यांनी एका स्वतंत्र पुस्तकात एकत्र केल्या.

हजरत आयशा (रजि.) यांच्याच घरी वाढलेल्या आणि शिकलेल्या अमरा बिन्त अब्दुर्रहमान पुढे मदिन्यातल्या मोठ्या आलिमा झाल्या. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी मदिन्याच्या अबू बक्र बिन हज्म यांना हदीस लिहून ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हा अमरांकडे असलेल्या हदीसही लिहून घ्यायला सांगितले. याच अबू बक्र यांनी एकदा एका माणसाला लोखंडाच्या कड्यांच्या चोरीसाठी कैद केले होते. ते त्याचा हात तोडण्याची शिक्षा देणार होते. अमरांच्या कानावर हे गेले. त्यांनी आपल्या या भाच्याला निरोप धाडला की एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी ही शिक्षा नाही, पाव दिनार किंवा त्याहून जास्त किमतीच्या चोरीलाच ती लागू होते. अबू बक्र यांनी त्या माणसाला सोडून दिले. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हा प्रसंग आहे. एका बाईच्या इल्ममुळे एका गरीब माणसाचा हात वाचला आणि ‘बाईचे काय ऐकायचे’ असे तिथे कोणी म्हटले नाही.

अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मर्वझिया राहत असत. सहीह बुखारी शिकवण्यात त्यांचा असा लौकिक होता की बगदादचे नामवंत इतिहासकार खतीब बगदादी हजला गेले तेव्हा त्यांच्यापुढे बसून बुखारी वाचून आले. इब्न हजर यांनी बुखारीवर जी प्रसिद्ध टीका लिहिली, तिच्यात करीमांच्या प्रतीतला पाठ जागोजागी नोंदवला आहे. दमास्कसचे इब्न असाकिर यांच्या उस्तादांमध्ये ऐंशीहून अधिक स्त्रिया होत्या. पंधराव्या शतकातले सखावी यांनी आपल्या काळातल्या नामवंतांचा जो चरित्रकोश लिहिला, त्याचा शेवटचा भाग केवळ स्त्रियांचा आहे आणि त्यात हजाराहून अधिक जणी आहेत.

मग ही नावे गेली कुठे?

उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचे आणि लखनौच्या नदवतुल उलमामध्ये शिकलेले मौलाना मुहम्मद अकरम नदवी ऑक्सफर्डला असताना हदीस जाणणाऱ्या स्त्रियांची माहिती गोळा करू लागले. थोडीफार नावे मिळतील आणि एक छोटे पुस्तक होईल, अशी सुरुवातीला कल्पना होती. हजारो नावे मिळाली. २०२१ मध्ये हे काम अरबीत ४३ खंडांत छापले गेले. त्यात सुमारे दहा हजार स्त्रियांची नोंद आहे. ही माहिती कुठे पुरून ठेवलेली नव्हती. जुन्या किताबांत, इजाजतनाम्यांत, दर्सला कोण कोण हजर होते त्याच्या याद्यांत ती पडून होती. कोणी ती शोधायला गेले नव्हते, एवढेच.

म्हणजे सुरुवातीच्या लोकांनी लिहून ठेवले आणि नंतरच्यांनी वाचायचे सोडले. स्त्रियांचा हा सहभाग सगळ्या शतकांत सारखा नव्हता, हेही खरे. अस्मा सईद यांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसते की सहाबियांच्या पिढीनंतर तो घटला, दहाव्या शतकापासून पुन्हा वाढला आणि उस्मानी काळात परत ओसरला. ज्या काळात इल्म घरात, मशिदीत, नातेवाइकांच्या बैठकीत दिले जात होते, तेव्हा मुली बापाच्या, आजोबांच्या बोटाला धरून दर्सला जात. जिथे इल्मचा संबंध नोकरीशी, पदाशी, दूरच्या प्रवासाशी आला, तिथे त्या मागे पडल्या. मुलींची बुद्धी कमी झाली नव्हती. दार अरुंद झाले होते.

मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी, अमेरिकेच्या अमिना वदूद अशा मुस्लिम अभ्यासक स्त्रियांनी गेल्या काही दशकांत हाच मुद्दा मांडला. अल्लाहचा हुकूम वेगळा आणि त्या हुकुमाचा पुरुषांनी आपापल्या रिवाजाप्रमाणे लावलेला अर्थ वेगळा. त्यांची सगळी अनुमाने मान्य करण्याची गरज नाही. पण दीन आणि रिवाज यांत फरक करायला हवा, हे तर आपले उलमाही मिंबरवरून सांगतात.

रिवाज जिंकला तो दिवस

हा फरक किती महागात पडू शकतो याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन कुटुंबांतल्या काही मुली उभ्या राहिल्या. कुरआनने मुलीला दिलेला वाटा बापाच्या मालमत्तेत आम्हाला मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची चाल नाही, त्यांना पोटापुरते आणि लग्नाचा खर्च मिळतो, असे समोरच्या पक्षाने सांगितले. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी चालीरीतीच्या बाजूने निकाल दिला. मुली हरल्या. कुरआनचा आधार मुलींनी घेतला होता आणि रिवाजाचा आधार घरातल्या पुरुषांनी, हे आपण विसरता कामा नये.

पुढे १९३७ मध्ये शरीयत कायदा आला. या कायद्याच्या उद्देशपत्रात स्पष्ट नोंद आहे की रूढीमुळे स्त्रियांचे हक्क मारले जातात म्हणून मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रूढीच्या कायद्याचा निषेध केला होता. म्हणजे ज्या कायद्याचा आपण आज आदराने उल्लेख करतो, त्याच्यामागे बायकांची मागणी होती. त्या कायद्यातही वारशाच्या कलमातून शेतजमीन वगळली गेली. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतीच, तिथे मुलींच्या पदरात किती पडले असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल.

आपल्या मातीतल्या दोघी

महाराष्ट्रात फातिमा शेख यांचे नाव आता घेतले जाते. जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली आणि फातिमा सावित्रीबाईंच्या कामात सोबतीण झाल्या. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. कुरकुर न करता ओझे उचलणारी बाई इतिहासात अशीच शिल्लक राहते, दुसऱ्याच्या पत्रातल्या एका ओळीत. तीही ओळ सावित्रीबाईंनी लिहिली म्हणून.

दुसऱ्या अतिया फैजी. त्यांची बहीण नाझली मुरुड-जंजिऱ्याच्या बेगम होत्या. अतिया १९०६ मध्ये अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथली रोजनिशी त्यांनी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या स्त्रियांच्या पत्रात छापायला दिली. हे पत्र १८९८ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या संपादक मुहम्मदी बेगम या स्वतः एक स्त्री होत्या. पण अतियांचे नाव काढले की लोकांना आठवतात ते मौलाना शिबली आणि अल्लामा इकबाल यांची त्यांना आलेली पत्रे. अतियांनी स्वतः काय लिहिले, हे विचारणारे थोडे.

घरातला हिशेब

इतिहासातून आता आपल्या घरात येऊ. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळपास पाच तास बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष साधारण चारांत एक, आणि त्यांचा सरासरी वेळ ९७ मिनिटे. प्रेषित (सल्ल.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, ही हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष आपण दर रबीउल अव्वलला ऐकतो. तरीही आकडा असा आहे.

कोकणात पाहा. घरातले पुरुष जहाजावर किंवा आखाती देशांत, दोन-दोन वर्षे घराबाहेर. मागे सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे, मुलांची शाळा, बँक, ग्रामपंचायत, कलमांची राखण, पावसाआधी घराची शाकारणी, हे सगळे बाईच पाहते. नवे घर बांधायला काढले तर गवंड्याशी हुज्जत तीच घालते आणि सिमेंटच्या गोण्या तीच मोजून घेते. घर उभे राहिले की दारावर पाटी साहेबांच्या नावाची आणि कागदही त्यांच्याच नावाचा. त्यांनी परदेशात घाम गाळला हे कोण नाकारील? पण इथला घाम कोणत्या वहीत लिहायचा? मालेगाव-भिवंडीत घरबसल्या कांड्या भरणारी किंवा कपड्यांवर टिकल्या लावणारी बाई ‘काय करतेस’ विचारले की ‘काही नाही, घरीच असते’ असे सांगते. सूरह निसामध्ये (आयत ३२) पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा वाटा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगितला आहे. तिची कमाई ही कमाई म्हणून आधी मोजली तर जाऊ दे.

जे मोजले जात नाही त्याचा वाटाही मिळत नाही. वडील गेले की महिना-दोन महिन्यांत तलाठी कार्यालयात किंवा वकिलाकडे बहिणींना बोलावले जाते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. जबरदस्ती कोणी करत नाही. ‘तुझ्या लग्नात खर्च केला होता’, ‘माहेर तुटेल’, ‘लोक काय म्हणतील’, एवढे पुरते. बहीण सही करते आणि लोक म्हणतात, किती समजूतदार मुलगी! ज्या वडिलांची शेवटची तीन वर्षे तिने शुश्रूषा केली, त्यांच्या घराच्या कागदावर तिचे नाव येत नाही. खुशीने सोडलेला हक्क आणि लाजेपोटी सोडलेला हक्क यांत फरक आहे, हे भावाला कळत नाही असे नाही.

आमचे वाचकांना काही साधे सांगणे आहे. शजरा नव्याने लिहायला घ्या आणि प्रत्येक पिढीतल्या आई, मुली, सुनांची नावे त्यात घाला. घरात दादी-नानी हयात असतील तर त्यांचे गाव, त्यांचे शिक्षण, त्यांनी केलेली कामे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. मदरशात आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयात हजरत आयशांबरोबर अमरा आणि करीमा यांचीही ओळख मुलामुलींना होऊ द्या. मेहर कागदावर राहू देऊ नका. दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या घराचा कागद दोघांच्या नावे करा.

आणि वडिलांच्या मालमत्तेची वाटणी होईल तेव्हा बहिणीचा हिस्सा आधी तिच्या हातात द्या. नंतर तिला खुशीने काही परत करावेसे वाटले तर ते तिचे ती ठरवील. सूरह निसाच्या सातव्या आयतीत मालमत्ता थोडी असो वा जास्त, स्त्रियांचाही त्यात वाटा ठरवून दिला आहे. अल्लाहने ठरवून दिलेला वाटा देताना भाऊ तिच्यावर उपकार करत नाही, एक फर्ज अदा करतो.