एका दिवसात कुंटाला आणि पोचेरा

आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नेरडिगोंडा लागतं. तिथून साधारण १२ किलोमीटर आत, जंगलाच्या रस्त्यानं गेल्यावर कुंटाला धबधबा. सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळणारी कडेम नदी पुढे गोदावरीला मिळते. दुष्यंताच्या शकुंतलेवरून धबधब्याला हे नाव पडलं, असं लोक सांगतात. कपारीतल्या सोमेश्वराच्या दर्शनाला महाशिवरात्रीला गर्दी लोटते.

आजी-आजोबा सोबत असतील तर आधी पायऱ्यांचा विचार करा. खाली जायला शेकडो पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. गुडघेदुखी असलेल्यांनी वरूनच धबधबा बघावा.

बोथ मंडळातला पोचेरा धबधबा जेमतेम २० मीटरचा, पण पसरट. मुलांना तोच जास्त आवडतो, आणि म्हणूनच तिथे त्यांचा हात सोडू नका. पाणी पडतं तिथला डोह खोल आहे. दोन्ही ठिकाणी पोहायला उतरलेली माणसं बुडाली आहेत. काठावरचा शेवाळलेला खडक वाळलेला दिसला तरी घसरतो, आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. सेल्फीसाठी कडेला जाणाऱ्या पोरांना घरच्यांनीच दटावून मागे घ्यावं.

सप्टेंबर ते डिसेंबर हा उत्तम काळ. उन्हाळ्यात धार बारीक होते. भाकरी, ठेचा, पिण्याचं पाणी घरूनच न्या. रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या परत आणा.