बळवंत संगीत मंडळी आणि वऱ्हाड

मुंबईहून नागपूरकडे निघालेली आगगाडी वऱ्हाडांतून जातांना बडनेऱ्यास थांबते, आणि अमरावतीचा उतारू तेथें फाट्याची गाडी धरतो. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत नाटकमंडळ्या फिरत्या असत. पडदे, पोषाखांच्या पेट्या, ऑर्गन, आचारी, नटांचीं बायकामुलें असा सारा संसार बरोबर घेऊन गांवोगांव बिऱ्हाड करावें लागे. आणि रेल्वेनें अमरावती गांठावयाची तर बडनेऱ्याच्या फलाटावर हा बाडबिस्तरा उतरल्यावांचून गति नसे. अशा मंडळ्यांपैकीं 'बळवंत संगीत मंडळी'चें वऱ्हाडाशीं नातें निराळेंच होतें. तिचा प्रमुख गायक गोव्याचा. पण तिच्या नामांकित नाटकांपैकीं दोहोंचे लेखक अमरावतीचे.

मंडळीचा जन्म फाटाफुटींतून झाला. १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून अण्णासाहेब किर्लोस्करांनीं जी परंपरा सुरू केली, तिच्यांतून १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व 'गंधर्व नाटक मंडळी' निघाली. किर्लोस्कर मंडळींत पडलेली उणीव भरून काढण्यास मंगेशीचा एक मुलगा आला. तो दीनानाथ मंगेशकर. १९१८ सालीं तोही बाहेर पडला. सोबत चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे होते. दीनानाथांचें वय त्या वेळीं अवघें सतरा-अठरा, चिंतामणराव नऊ-दहा वर्षांनीं वडील. एकाचा गळा आणि दुसऱ्याची व्यवहारबुद्धि व अभिनय, अशी ही जोडी होती. नव्या मंडळीचें नांव बळवंत. अण्णासाहेबांचें मूळ नांवही बळवंतच होतें. घर सोडलें तरी कुलदेवता सुटली नाहीं, असेंच म्हणावयाचें.

नव्या मंडळीस नवें नाटक हवें होतें. तें राम गणेश गडकऱ्यांनीं दिलें. क्षयानें जर्जर झालेले गडकरी नागपूरजवळ सावनेर येथें भावाच्या घरीं होते. २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ते तेथेंच वारले. 'भावबंधन' त्या शेवटच्या दिवसांत पुरें झालें. रंगभूमीवर तें पाहण्याचें मात्र त्यांच्या नशिबीं नव्हतें. दीनानाथांची लतिका आणि चिंतामणरावांचा घनश्याम यांनीं मंडळीचें बस्तान बसवून दिलें. दीनानाथांच्या थोरल्या कन्येचें हेमा हें नांव मागें पडून लता हें रूढ झालें, तें या लतिकेवरूनच.

पण मंडळीचा खरा बाणा दिसला तो १९२७ सालच्या 'रणदुंदुभी'मध्यें. लेखक अमरावतीचे वामन गोपाळ जोशी. 'वीर' ही लोकांनीं दिलेली पदवी. कादंबरीकार वामन मल्हार निराळे. नामसादृश्यामुळें पुष्कळ शिकलेल्या माणसांचीही येथें गफलत होते. वीर वामनरावांनीं स्वातंत्र्यलढ्यांत तुरुंग भोगला होता. १८७६ च्या कायद्यानें सरकारास नाटक बंद करण्याचा अधिकार होता, आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० सालीं तो बजावलाही गेला होता. अशा दिवसांत पारतंत्र्याची चीड पदांतून गाऊन दाखवावयाची होती. चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि तेजस्विनीच्या भूमिकेंत दीनानाथ. त्यांचें गाणें बालगंधर्वांसारखें लाडिक नव्हे. उंच, धारदार आवाज. विजेसारखी चमकून जाणारी तान. अनपेक्षित जागीं घेतलेला सूर. प्रणयाच्या पदांपेक्षां आवेशाचें पद या गळ्यास अधिक शोभत असे. वामनरावांचे शब्द दुसऱ्या कोणा गोड गळ्यांतून आले असते, तर ऐकणाऱ्यानें मान डोलावली असती इतकेंच. पुढें १९३१ सालीं, रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचें 'संन्यस्त खड्ग' याच मंडळीनें केलें. त्याचेंही संगीत वझेबुवांचेंच.

त्याच वर्षीं मुंबईंत 'आलम आरा' हा बोलपट लागला, आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा'च्या रूपानें मराठी बोलपट आला. चार-दोन आण्यांत गाणें ऐकूं येऊं लागल्यावर रात्रभराच्या नाटकासाठीं रुपये कोण मोजणार? मंडळीनें १९३३ सालीं विश्राम बेडेकरांचें 'ब्रह्मकुमारी' केलें. बेडेकरही जन्मानें अमरावतीचे. पुढच्याच वर्षीं मंडळीचा 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट आला. दिग्दर्शन चिंतामणराव आणि बेडेकर यांचें. तो धंदा फळला नाहीं आणि मंडळीही मोडली. केवळ बोलपटास दोष देऊन मात्र भागत नाहीं. एका गळ्यावर पन्नास पानें वाढणारा हा संसार होता. गाणारा थकला कीं चूल थंडावे, आणि भरभराटीच्या दिवसांत गंगाजळी ठेवण्याची रीत नाटकवाल्यांत नव्हती. त्या सुमारास गंधर्व मंडळींचीही तीच गत झाली. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटांत दिसले.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास वारले, वय एकेचाळीस. चिंतामणरावांनीं 'बहुरूपी' हें आत्मचरित्र १९५७ सालीं प्रसिद्ध केलें. मंडळ्यांच्या या संसाराची आंतली बाजू ज्यांस जाणावयाची असेल त्यांनीं तें अवश्य वाचावें.

गाणें मात्र वऱ्हाडांत परत आलें. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जातांना वाटेवर मूर्तिजापूर लागतें. तेथें १९२० सालीं वसंतराव देशपांडे जन्मले. त्यांनीं अनेक गुरूंजवळ विद्या घेतली. पण दीनानाथांच्या गायकीची छाप त्यांच्या गळ्यावर कायम राहिली. १९६७ सालीं 'कट्यार काळजात घुसली' मधील खांसाहेब म्हणून ते उभे राहिले, तेव्हां 'रणदुंदुभी' ऐकलेल्या जुन्या माणसांस त्या आक्रमक तानेची ओळख पटावयास वेळ लागला नसेल.