मागचा शॉकअप : कडक करायचा की बदलायचा?



आज बचतीचा विषय नाही. कर्जाचा थोडा येईल, पण मध्येच कुठेतरी. आज बोलायचंय मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपबद्दल. गाडीच्या पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात, गॅरेजमध्ये आणि आपल्या घरात शॉकअपच. "हा काय बायकांचा विषय आहे का?" असं कुणी विचारलं, तर सांगा, मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपणच बसलेल्या असतो. म्हणजे शॉकअपच्या बरोब्बर वर.

माझ्याकडे आठ गावांतले बचत गट आहेत. बैठकांना जायला मी सासऱ्यांची जुनी शंभर सीसीची गाडी वापरते. टाकीवर अजून 'हीरो होंडा' असं जोडनाव आहे. त्या दोन कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं जाहीर केलं, त्यावरून गाडीच्या वयाचा अंदाज तुम्हीच करा. गाडी चांगली आहे, गाडीबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती माझ्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसायला लागला. त्यावर धूळ बसून काळं, चिकट कडं तयार झालं होतं. मी फडक्यानं पुसलं. आठवड्यानं परत आलं, परत पुसलं. मागे कुणी बसलं की गाडी पाळण्यासारखी हलायची. एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर तिथले म्हणाले, "दोन खाचा कडक करून देतो ताई, कशाला खर्चात पडता?" पैसेही घेतले नाहीत. मला बरंच वाटलं. गाडी खरंच मागून वर उचललेली, घट्ट वाटायला लागली. पुढचे दोन महिने मी त्याच समाधानात गाडी हाकली.

मग दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी बैठक आटपून परत येत होते. मागे आमच्या गटाच्या सचिव ताई होत्या, मांडीवर वह्यांची पिशवी. ओढ्यावरच्या मोरीजवळ वळण आहे आणि तिथला रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा झालाय. समोर शेळ्या आल्या म्हणून मी ब्रेक दाबला. मागचं चाक रस्त्याला धरून थांबायच्या ऐवजी टुणटुण उड्या मारायला लागलं आणि गाडी आडवी झाली. वळणात जोरात ब्रेक दाबला ही माझी चूकच. पण चाक रस्त्याला टेकलेलं असतं, तर गाडी बहुतेक सावरली असती. मला खरचटलं. ताईंचं मनगट मोडलं. त्या शिलाई करतात. सहा आठवडे प्लास्टर, सहा आठवडे मशीनवर चादर. दिवाळीच्या ब्लाउजची कापडं त्यांनी घरोघर परत पाठवली, ती पोहोचवायला मीच गेले होते.

तेव्हा मी बसून नीट समजून घेतलं, की हा शॉकअप नेमकं करतो काय.

त्याच्यात दोन वेगळी कामं चालतात. बाहेरून दिसणारी स्प्रिंग वजन तोलते. आतल्या बंद नळीत तेल असतं आणि त्या तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो. पिठलं हाटताना बघा, डाव हळू फिरवला तर सहज फिरतो, जोरात फिरवायला गेलं की हात भरून येतो. तेलाचं तसंच आहे. चाक खड्ड्यात आपटलं की स्प्रिंग जोरात दबते आणि तितक्याच जोरात उसळायला बघते. त्या वेळी तेलाला छिद्रांतून निघायला वेळ लागतो, म्हणून उसळी मंदावते आणि चाक पुन्हा रस्त्यावर टेकतं. वजन पेलायचं स्प्रिंगनं, आणि स्प्रिंगला आवरायचं तेलानं.

सील झिजून तेल गळून गेलं की स्प्रिंग एकटी उरते. गाडी उभी असताना काहीच कळत नाही, कारण वजन तर पेललं जातंय. चालायला लागली की चाक नाचतं.

आता त्या खाचांचं. शॉकअपच्या खालच्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांचं एक कडं असतं. ते पान्यानं फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. एकट्यानं जाताना खालची पायरी, मागे माणूस किंवा गॅसची टाकी असेल तर वरची, एवढ्यासाठीच ती सोय आहे. खाच वाढवली की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, म्हणून दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. गेलेलं तेल काही परत येत नाही. मला त्या गॅरेजवाल्यांचा राग नाही, त्यांनी माझे पैसे वाचवायलाच तसं केलं असेल. पण मैत्रिणींनो, दांड्यावर तेल दिसत असताना कुणी नुसतं कडक करून देत असेल, तर तिथेच विचारा, "आणि तेलाचं काय?"

घरी तपासायचं कसं? सगळ्यात आधी टायरची हवा बघा. हवा जास्त असली तरी गाडी आदळते आणि दोष शॉकअपच्या माथी जातो. हवा बरोबर असेल तर गाडी स्टँडवरून काढून कुणालातरी हँडल धरायला सांगा. मागच्या सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि सोडा. मागची बाजू वर येऊन थांबली पाहिजे. वर, खाली, परत वर अशी झुलत राहिली तर आतलं काम संपलंय. मग दांड्यावरचं तेल बघा. थोडी धूळ असतेच, पण ओला चिकट थर नको. मागच्या टायरवरून हात फिरवा (गाडी बंद असताना, हे सांगायला नको). रबर एकसारखं झिजायच्या ऐवजी मध्ये मध्ये खोलगट लागलं, तर चाक उड्या मारतंय असं समजा. रात्री मागे कुणी बसलं की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जात असेल, तर स्प्रिंगही बसली असावी.

नुसता कट-कट आवाज येत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर थांबा. शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या भोकात रबराचे बुश असतात. ते फाटले की लोखंडावर लोखंड वाजतं. बुश वेगळे मिळतात, थोडक्यात काम होतं. त्यासाठी अख्खा शॉकअप बदलू नका.

बदलायचाच झाला तर जोडी बदला. माझा डावाच गळत होता, म्हणून मलाही वाटलं, एकच घेऊ. पण चाक ज्या चिमट्यात बसलेलं असतं, त्याला दोन्ही बाजूंनी सारखा जोर हवा. एकीकडे नवी स्प्रिंग आणि दुसरीकडे दमलेली, तर चिमट्याला पीळ बसतो. जुन्या शॉकअपमध्ये तेल भरून देणारेही असतात, स्वस्तात. एकट्यानं शेतापर्यंत जायला ते चालेल कदाचित. मागे माणूस बसवणार असाल, तर माझं मत नवीनच घ्या.

इथं कर्ज आलं. जोडी आणि मजुरी मिळून खर्च २१०० रुपये. मी बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं, तर दोघीजणी म्हणाल्या, गाडीच्या दुरुस्तीला गटाचा पैसा कशाला, ती तर घरच्या पुरुषांनी करायची. प्लास्टर गळ्यात अडकवून बसलेल्या सचिव ताईंनी उत्तर दिलं, "ह्या गाडीवर बसून मी बँकेत जाते. हिच्यावरूनच पडले. मग ही कुणाची?" ठराव झाला. डाव्या हातानं त्यांनीच सही केली.

गॅरेज दुसरं निवडलं आणि त्या मिस्त्रीदादांना आधीच सांगितलं, की मी बघत उभी राहणार. उजवा त्यांनी बदलला, डावा त्यांच्या देखरेखीखाली मी.

गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर. सायलेन्सर थंड झालेला हवा, उजव्या बाजूला हात तिथेच जातो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडलं तर पाना घसरत नाही. मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. आणि एका वेळी एकच बाजू सोडायची, दोन्ही सोडल्या तर चाक खाली लोंबतं. डावीकडे साडीगार्ड आड येतो, तो आधी काढला. वरचा नट, मग खालचा बोल्ट. कुठला वायसर कशाच्या आत होता हे नंतर हमखास विसरतं. मी मोबाईलवर फोटो काढला आणि वायसर वर्तमानपत्रावर निघाले त्याच क्रमानं मांडले.

जुना आणि नवा शेजारी धरून भोकापासून भोकापर्यंत लांबी सारखी आहे ना, ते बघायचं. आपल्याच मॉडेलचा हवा, "बसतो याला" असला नको. बसवताना खालचं भोक जुळेना, तर मी हातोडीकडे बघितलं. मिस्त्रीदादा हसले. चाक हातानं किंचित उचललं आणि बोल्ट आपसूक गेला.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. गाडी स्टँडवर असताना नट पूर्ण आवळायचे नाहीत. हातानं बसवून बेताचे आवळायचे, गाडी खाली घ्यायची, कुणीतरी सीटवर बसायचं आणि मग शेवटचं आवळायचं. लोंबत्या चाकावरच पक्कं आवळलं, तर बुशचं रबर त्या जागी धरलं जातं, गाडी खाली आली की त्याला पीळ पडतो आणि ते लवकर फाटतं. अंगातला सगळा जोरही लावायचा नाही, आटे जातात. दोन्हीकडची खाच सारख्या पायरीवर ठेवायची.

जुने शॉकअप भंगारात द्या, पण घरी मुलांना खोलू देऊ नका. स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंडावर येते. काहींमध्ये तेलाबरोबर दाबाखाली वायूही असतो, ते कापायचे नाहीत, जाळायचे नाहीत.

पाच-सहा गावं फिरून झाल्यावर सगळे नट एकदा पान्यानं परत तपासा. माझा डावीकडचा वरचा नट जरासा ढिला निघाला, म्हणजे मी बसवलेलाच. सचिव ताईंचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्या बैठकीला त्या मागे बसल्या, पण निघायच्या आधी वाकून दोन्ही दांडे बोटानं पुसून बघितले. बोट कोरडं होतं. आता दर महिन्याला त्या तसंच बघतात, मग बसतात.