घोड्यांचा ट्रेलर ओढायला कोणता पिकअप? जाहिरातीतला आकडा सोडा, दारावरचं स्टिकर वाचा

फोन घेताना आपण आता बऱ्यापैकी शहाणे झालोय. बॉक्सवर १२० वॅट चार्जिंग लिहिलेलं असलं तरी तो वेग सुरुवातीची काही मिनिटंच मिळतो, हे आपल्याला माहीत असतं. १०८ मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो नाही, हेही कळलंय. पण पिकअप ट्रकच्या जाहिरातीत 'टोइंग कपॅसिटी ११,००० पौंड' दिसलं की भले भले गडबडतात. आणि इथे फसलं तर फोटो खराब येत नाही, मागे दोन जिवंत घोडे असतात.

हा विषय मुळात अमेरिकेचा. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेतला की तो थेट ट्रकच्या किंवा पिकअपच्या हौद्यात चढतो. वजन त्याच गाडीच्या स्प्रिंगवर, त्याच गाडीच्या ब्रेकवर. अमेरिकेत घोडा पाळणारी साधी माणसंसुद्धा ट्रेलर ठेवतात आणि तो आपल्या रोजच्या पिकअपला जोडून नेतात. म्हणजे वजन एका गाडीचं, ते ओढणारी आणि थांबवणारी गाडी दुसरी. सगळी गंमत (आणि सगळा धोका) या जोडणीत आहे.

माझा एक मावसभाऊ डॅलसजवळ राहतो. त्याची मुलगी घोडेस्वारी शिकते, आणि आता तिच्यासह दोन घोडे न्यायची वेळ आली. दादाने मला दोन ट्रकच्या स्पेकशीटचे स्क्रीनशॉट पाठवले आणि विचारलं, "तू इंजिनीयर आहेस ना, सांग कुठला घेऊ?" मी सॉफ्टवेअरवाला, पण गणित बेरजेचंच होतं. तेच इथे मांडतोय.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० (इथे रॅम म्हणजे मेमरी नाही, ट्रकचा ब्रँड) यांना 'हाफ-टन' म्हणतात. एफ-२५० किंवा २५०० म्हणजे 'थ्री-क्वार्टर-टन', आणि एफ-३५० किंवा ३५०० म्हणजे 'वन-टन'. ही नावं जुन्या काळच्या वजन वाहण्याच्या क्षमतेवरून पडली. आजचा हाफ-टन अर्ध्या टनापेक्षा जास्त वजन सहज घेतो, त्यामुळे नाव हे फक्त वर्ग म्हणून वाचायचं.

आता टोइंगचा आकडा. तो अगदीच हवेतला नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीनं काढायची. मग एसएई जे२८०७ नावाचं समान मोजमाप आलं. टोयोटाने ते २०११ च्या टुंड्रापासून वापरलं, बाकीचे मोठे ब्रँड काही वर्षांनी आले. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे ११ मैल सलग चढ, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले ३८ अंश, एसी फुल, आणि साध्या मागच्या चाकांच्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे, मान्य. पण ट्रकमध्ये धरलेली माणसं किती? ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड. मागच्या सीटवर पोरं नाहीत, हौद्यात गवताचे गठ्ठे नाहीत, कुत्रा नाही. शिवाय जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा एखाद्या ठरावीक इंजिन-ॲक्सल-केबिनच्या जोडीचाच असतो. शोरूममध्ये उभा असलेला ट्रक तोच असेल असं नाही.

म्हणून खरा आकडा वेगळीकडे आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलो किंवा इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. हा पेलोड. तो त्याच गाडीचा असतो, त्या मॉडेलचा नाही. सनरूफ, मोठी चाकं, लेदर सीट, फोर-व्हील ड्राइव्ह असं जे जे वाढत जातं, ते ते या आकड्यातून वजा होतं. फोनमध्ये १२८ जीबी लिहिलेलं असतं पण सिस्टीम आणि आधीच भरलेल्या ॲप्सनंतर जे उरतं ते आपलं, तसंच.

ट्रेलर तर चाकांवर असतो, मग त्याचा पेलोडशी काय संबंध? संबंध आहे, आणि लोक इथेच चुकतात. ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या हुकावर, म्हणजे हिचवर, टेकलेलं असतं. त्या टेकण्याचं वजन म्हणजे टंग वेट. मागच्या बंपरखालच्या हिचला लावायच्या ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. ते कमी ठेवून पेलोड वाचवता येत नाही, कारण पुढचं टोक हलकं झालं की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो.

दादाचं गणित असं होतं. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा ३,४०० पौंड. घोडे प्रत्येकी १,१०० पौंड, म्हणजे साधारण ५०० किलो. खोगिरं, पाणी, चारा मिळून ५००. एकूण ६,१०० पौंड, आपल्या भाषेत पावणेतीन टन. हाफ-टन ट्रकचं टोइंग ११,२०० होतं, म्हणजे जवळपास निम्मी क्षमता शिल्लक! दादा खूश. मग मी स्टिकरचा फोटो मागवला. पेलोड १,५६० पौंड.

घोडे आणि सामानाची खोली पुढच्या बाजूला असल्याने टंग वेट १५ टक्के धरलं, म्हणजे ९१५. खास हिचचं स्वतःचं वजन ९०. दादा, वहिनी आणि मुलगी मिळून ४२०. हौद्यात गवत, खुर्च्या, कूलर असं २००. बेरीज १,६२५. टोइंगमध्ये पाच हजार पौंड शिल्लक असताना पेलोड ६५ पौंडांनी फुटला होता. मुलीची एखादी मैत्रीण मागे बसली की अजून शंभर.

वजन वाटून देणारी हिच लावली की काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो, ट्रक सरळ उभा राहतो. ती लावावीच. अनेक हाफ-टन ट्रकच्या हिचवर तर ती नसेल तर ५,००० पौंडांपुढे जाऊ नका असंच लिहिलेलं असतं. पण तिच्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा वाढत नाही.

मग थ्री-क्वार्टर-टन ट्रकमध्ये नेमकं वेगळं काय? जास्त ताकद हे उत्तर अर्धवट आहे. आजकालचे हाफ-टनचे टर्बो इंजिनसुद्धा दमदार असतात. फरक खाली आहे. फ्रेम जाड, स्प्रिंग कडक, ब्रेक मोठे, टायर जास्त हवेचे आणि जास्त भाराचे. मागचा ॲक्सल 'फुल फ्लोटिंग' असतो. हाफ-टनमध्ये चाक फिरवणारा दांडाच गाडीचं वजनही पेलतो. हेवी ड्यूटीमध्ये वजन बाहेरची नळी पेलते आणि आतला दांडा फक्त फिरवायचं काम करतो. शिवाय ट्रक स्वतः जड असतो, आणि घोड्यांच्या बाबतीत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घोडा म्हणजे विटा नाहीत. तो उंच उभा असतो, पाय बदलतो, वळणावर तोल सावरतो, कधी लाथ मारतो. ते धक्के हिचमधून ट्रकपर्यंत येतात. पुढची गाडी जड असेल तर ते पचतात.

इथे एक सापळा आहे. मोठा ट्रक घ्यायचाच तर डिझेल घेऊ, असा मोह होतो. डिझेलची उतारावर मजा आहे खरी. एक्झॉस्ट ब्रेकमुळे ब्रेक तापत नाहीत, आणि कोलोरॅडोत ११,१५८ फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना टर्बो इंजिनचा दम टिकतो. पण डिझेल इंजिन जड असतं आणि या वर्गातल्या बऱ्याच ट्रकचं एकूण वजन १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं. त्यामुळे लक्झरी डिझेल २५०० चा पेलोड कधी कधी दोन हजारांच्या आसपासच उरतो, तर साध्या पेट्रोल मॉडेलला तीन हजार मिळतो. टेक्सासच्या सपाट रस्त्यावर महिन्यातून दोनदा दोन घोडे न्यायला माझं मत पेट्रोल. दादाने जुना पेट्रोल थ्री-क्वार्टर-टनच घेतला. रिकामा चालवताना तो खडखडतो, अशी वहिनींची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. कडक स्प्रिंगची ती किंमत.

गूसनेक ट्रेलर, म्हणजे ज्याची मान हौद्याच्या मधोमध टेकते, त्याचा प्रश्न वेगळा. तिथे टेकणारं वजन १५ ते २५ टक्के असतं. तीन-चार घोडे आणि राहायची खोली असलेला ट्रेलर १४,००० पौंडांचा झाला तर एकट्या मानेचं वजन साडेतीन हजारांपर्यंत जाऊ शकतं. तिथे सरळ वन-टन बघा. इलेक्ट्रिक पिकअप ओढतात छान, पण उंच ट्रेलर जोडल्यावर रेंज साधारण निम्मी होते, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही. घोडे आत असताना ट्रेलर सोडणं कुणालाच नको असतं.

सॉफ्टवेअरवर फार विसंबू नका, हेही सांगतो. झोका ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा गाडीचा झोल सेन्सरने मोजते आणि खरंच मदत करते. फोर्डने २०१६ च्या एफ-१५० मध्ये मागे घेताना ट्रेलर वळवायला गोल नॉब दिला, तोही भारी आहे. पण जास्त लादलेला टायर कुठलंही अपडेट हलका करत नाही. फीचर निवडायचंच असेल तर कंपनीचा बिल्ट-इन ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आधी. झोका सुरू झाला की ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लावायचे.

आणि अंदाजाऐवजी वजन करा. अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, त्यांचं 'वे माय ट्रक' ॲप फोनवर आहे. काट्यावर उभं राहायचं, ॲपमधून पैसे भरायचे, पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं स्क्रीनवर येतात. घोड्यांना सोडून आत पावती आणायला जावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं आणि तेवढंच इंधन घेऊन नुसता ट्रक काट्यावर न्यायचा. ट्रकच्या चाकांवर पहिल्या वेळी जितकं जास्त भरलं, ते साधारण तुमचं टंग वेट. पहिल्या वेळचं ट्रकच्या चारही चाकांचं वजन दारावर लिहिलेल्या जीव्हीडब्ल्यूआरशी आणि मागच्या चाकांचं वजन मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघायचं. दोन्ही आकडे दाराच्या खांबावरच, शेजारच्या लेबलवर असतात.